मनावर घेतलेले काम : प्रकल्प-पद्धतीचा इतिहास



'प्रकल्प' हा शब्द आज शाळकरी मूल असलेल्या प्रत्येक घरात पोहोचला आहे. शाळेतून फर्मान निघते, वडील स्टेशनरीच्या दुकानात जातात, आई कात्री व डिंक घेऊन बसते, आणि सकाळी एक सुबक वही तयार होते. त्या वहीला गुण मिळतात. ते कोणाचे, हे विचारण्याची पद्धत नाही. आपण यावर हसतो आणि पुढे जातो. परंतु ज्या कल्पनेची ही दशा झाली आहे, ती कल्पना मुळात काय होती, कोणी व कशासाठी काढली, हे पाहिले तर हसू मावळते. कारण मुलाने स्वतःच्या इच्छेने एखादे काम मनावर घ्यावे, ते तडीस न्यावे आणि त्यातून ज्ञान मिळवावे, हा त्या कल्पनेचा गाभा होता. काम मनावर घेणारा मुलगाच त्यातून नाहीसा झाला, तर मागे केवळ वही उरते. हा मुलगा कसा नाहीसा होतो, याचाच शोध आज घ्यावयाचा आहे.

प्रथम शब्दाकडे वळू. 'प्रोजेक्ट' हा शब्द शाळेत जन्मला नाही. तो वास्तुशास्त्राच्या विद्यालयांतून आला. पॅरिस येथे १६७१ साली वास्तुविद्येची राजकीय अकादमी स्थापन झाली. तेथील विद्यार्थी पुढे स्पर्धांसाठी एखाद्या कल्पित इमारतीचे आराखडे तयार करीत. या आराखड्याला ते 'प्रोजे' म्हणत. व्याख्याने ऐकून जे कळले त्याची कसोटी आराखड्यात लागे. अमेरिकेत सेंट लुई शहरी १८७९ साली कॅल्व्हिन वुडवर्ड यांनी हस्तव्यवसायाचे विद्यालय काढले, तेव्हा हाच विचार त्यांनी सुतारकामात व लोहारकामात आणला. आधी हत्यारे चालवण्याचे पाठ, आणि शेवटी विद्यार्थ्याने स्वतः आराखडा काढून एखादी वस्तू पुरी करावयाची. पुढे मॅसॅच्युसेट्स संस्थानात रूफस स्टिम्सन यांनी शेतकऱ्यांच्या मुलांसाठी 'घरचा प्रकल्प' सुरू केला. शाळेत जमिनीचे व खताचे शास्त्र शिकावे आणि घरच्या शेतात एक वाफा किंवा एक गाय स्वतःच्या जबाबदारीवर सांभाळावी, अशी ती योजना होती. १९१७ साली स्मिथ-ह्यूज कायद्याने शेतकीच्या विद्यार्थ्याला वर्षातून निदान सहा महिने असे प्रत्यक्ष काम करणे आवश्यक ठरवले.

या सर्व प्रकारांत क्रम एकच होता : आधी शिकवणे, मग करणे. करणे हे शिकण्याचे फळ होते. हा क्रम उलटा करून पाहण्याचे धाडस शिकागो येथे झाले.

जॉन ड्यूई हे १८९४ साली शिकागो विद्यापीठात तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक म्हणून आले. रसायनशास्त्राला जशी प्रयोगशाळा हवी तशी शिक्षणशास्त्रालाही हवी, असे त्यांचे मत होते. आणि शिक्षणशास्त्राची प्रयोगशाळा म्हणजे शाळाच असू शकते. १८९६ च्या जानेवारीत सोळा मुले घेऊन त्यांनी ती सुरू केली. ऐन भरभराटीत तेथे सुमारे १४० मुले व २३ शिक्षक होते. शाळेसाठी बाके विकत घ्यावयाची, तेव्हा ड्यूई दुकानोदुकानी हिंडले, पण मनाजोगते बाक मिळेना. शेवटी एका दुकानदाराच्या ध्यानात आले की, या गृहस्थांना मुलांनी काम करण्याजोगी बाके हवी आहेत आणि बाजारात आहेत ती सगळी ऐकण्याची बाके आहेत. ड्यूई यांनी ही हकीकत १८९९ साली दिलेल्या व्याख्यानांत सांगितली. त्या काळच्या शाळेवर याहून नेमकी टीका क्वचितच झाली असेल. आपल्याकडील पाटबाकांकडे पाहिले तर तिचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

त्या शाळेत काय चाले, याचा एक नमुना आपल्याला विशेष जवळचा वाटेल, कारण तो कापसाचा आहे. मुलांपुढे कापूस, लोकर व ताग-अंबाडीसारखी अळशीची वाखे ठेवली गेली. लोकरीचा उद्योग जुना आणि कापसाचा त्या मानाने उशिरा का वाढला, असा प्रश्न निघाला. मुलांनी बोंडातून सरकी वेगळी करावयास घेतली. अर्धा तास खपल्यावर एका गटाच्या हाती एक औंसही, म्हणजे अडीच तोळेसुद्धा, रुई आली नाही! मग एका माणसाच्या हातून दिवसभरात किती कापूस निघेल याचा हिशेब झाला, आणि पूर्वजांनी लोकरीची वस्त्रे का वापरली ते मुलांना पुस्तकाशिवाय उमगले. कापसाचा धागा आखूड, लोकरीचे तंतू एकमेकांना चिकटणारे, हे बोटांनीच सांगितले. तेथून व्हिटनीच्या १७९३ सालच्या सरकी काढण्याच्या यंत्रापर्यंत, आणि यंत्रापासून कारखान्यांपर्यंत, मुले इतिहासाच्या पायऱ्या चढत गेली. आपल्याकडे सरकी काढण्याची हातचरखी व्हिटनीच्या कितीतरी शतके आधीपासून होती. म्हणजे हाच पाठ यवतमाळला किंवा जळगावला झाला असता, तर प्रश्न निराळा निघाला असता आणि इतिहासही निराळा उलगडला असता. पद्धतीचे मर्म इथेच आहे. प्रश्न हाताखालच्या वस्तूतून निघतो; म्हणून तो गावोगावी वेगळा असतो.

या शाळेतील दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. मोठ्या मुलांची दोन मंडळे होती. एक वादविवादाचे आणि दुसरे छायाचित्रणाचे. दोघांनाही जागा नव्हती. मुलांच्या मनाने घेतले की, आपणच एक छोटे मंडळगृह बांधावे. त्यांनी वास्तू, बांधकाम, आरोग्य, पैशाची तरतूद व सजावट अशा समित्या नेमल्या. जागा पाहिली, आराखडे काढले, खर्चाचे अंदाज केले. लवकरच कळून चुकले की, हे काम आपल्या चारदोन जणांच्या आवाक्यातले नाही. तेव्हा त्यांनी इतर वर्गांची मदत मागितली आणि मंडळगृह साऱ्या शाळेचे झाले. या मोठ्या मुलांत आपापले टोळके करून राहण्याची जी वृत्ती वाढू लागली होती, ती या कामाने मोडली, अशी नोंद त्या शाळेतील शिक्षिकांनी पुढे करून ठेवली आहे. ही नोंद आपण लक्षात ठेवू; तिच्याकडे मला पुन्हा यावयाचे आहे.

१९०४ साली विद्यापीठाच्या अध्यक्षांशी शाळेच्या व्यवस्थेवरून मतभेद होऊन ड्यूई यांनी शिकागो सोडले व ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. त्याच विद्यापीठाच्या अध्यापक-महाविद्यालयात विल्यम किलपॅट्रिक हे प्राध्यापक होते. १९१८ च्या सप्टेंबरात त्यांनी 'प्रकल्प-पद्धती' या नावाचा एक निबंध प्रसिद्ध केला. निबंध कसला, ती ठिणगीच होती. त्याच्या स्वतंत्र प्रती साठ हजारांच्या घरात खपल्या. जगभरच्या अध्यापक-विद्यालयांत हा शब्द गेला तो याच निबंधामुळे.

किलपॅट्रिक यांनी काय केले? वुडवर्ड व स्टिम्सन यांच्या दृष्टीने प्रकल्प म्हणजे काहीतरी बनवणे. किलपॅट्रिक म्हणाले, बनवणे गौण आहे, मनाचा हेतू मुख्य आहे. समाजात राहून, जीव ओतून, हेतुपूर्वक केलेली कोणतीही कृती म्हणजे प्रकल्प. मुलीने आवडीने शिवलेला झगा हा प्रकल्प. तोच झगा आईच्या धाकाने शिवला तर नव्हे. हेतू धरणे, योजना आखणे, काम पुरे करणे आणि झालेल्या कामाची पारख करणे, अशा चार पायऱ्या त्यांनी सांगितल्या. आणि शक्यतो चारही मुलानेच चढाव्या असा आग्रह धरला. शेतात मका लावणाऱ्या मुलाला तज्ज्ञांची तयार योजना का देऊ नये, असा आक्षेप निघाला, तेव्हा त्यांनी उलट प्रश्न केला की, शिक्षकाला पीक काढावयाचे आहे की मुलगा घडवावयाचा आहे? स्टिम्सन यांचा शेतकी-प्रकल्प व किलपॅट्रिक यांचा प्रकल्प यांतील सारे अंतर या एका प्रश्नात आले.

हा विचार उदात्त होता, परंतु त्याला एक भगदाड होते. जीव ओतणे हीच जर कसोटी, तर मूल जे जे आवडीने करील ते ते शिक्षणच ठरेल. मग शिक्षकाने करावयाचे काय? अनेक शाळांत शिक्षकाने खरोखरच हात टेकले. मुलांना आज हे हवे, उद्या ते. कामे सुरू होत आणि हवेत विरत. या वेळी सर्वांत कठोर टीका कोणी केली असेल तर खुद्द ड्यूई यांनी. १९२६ सालच्या एका लेखात त्यांनी स्पष्ट लिहिले की, मुलांपुढे सामान मांडावे आणि कोणतेही उद्दिष्ट वा योजना न सुचवता त्यांना लहरीवर सोडावे, ही पद्धत निव्वळ मूर्खपणाची आहे. १९३१ साली त्यांनी असेही दाखवले की, प्रकल्प म्हणून चालणारी बरीच कामे इतकी क्षुल्लक व अल्पजीवी असतात की त्यांतून ज्ञानाचा विस्तार फारसा होतच नाही. बॉइड बोड या त्यांच्या विचाराच्या अभ्यासकाने १९२७ साली हीच शंका काढली होती. अनुयायांच्या अतिरेकाला मूळ पुरुषानेच आवर घालावा, हे शिक्षणाच्या इतिहासात नवे नाही. मात्र असा आवर फारसा कोणी ऐकत नाही, हेही नवे नाही.

आता एका विलक्षण प्रकरणाकडे वळतो. १९२३ साली एल्सवर्थ कॉलिंग्ज यांचे एक पुस्तक प्रसिद्ध झाले. मिसूरी संस्थानातील खेड्यांतल्या शाळांवर चार वर्षे केलेल्या प्रयोगाचा तो वृत्तांत होता, आणि त्याला किलपॅट्रिक यांची प्रस्तावना होती. त्यातील टायफॉइडची गोष्ट फार गाजली. गावातील एका घरात दरवर्षी टायफॉइड का होतो, असे मुलांना वाटले. ती त्या घरी गेली, पाणी, माश्या, उकिरडा यांचे निरीक्षण केले, उपाय सुचवले, आणि घरमालकाने ते अमलात आणले, अशी ती गोष्ट. प्रकल्पशाळेची मुले नेहमीच्या परीक्षांतही इतरांच्या पुढे गेली, असे आकडेही होते. कित्येक पिढ्यांतील भावी शिक्षकांनी हा दाखला वाचला आणि उत्तरपत्रिकांत लिहिला. पुढे मिखाएल क्नोल या जर्मन इतिहास-संशोधकाने जुनी कागदपत्रे तपासली आणि १९९६ साली दाखवून दिले की, पुस्तकात वर्णिल्याप्रमाणे तो प्रयोग झालेलाच नव्हता.

यावरून कोणी म्हणेल की, मग सारी पद्धतच खोटी. असे म्हणणे घाईचे होईल. शिकागोचा कापूस खरा होता, मंडळगृह खरे होते. परंतु या प्रकरणातून निघणारा बोध बोचरा आहे. मुलाने सारे आपण होऊन केले, असे दाखवण्याचा मोह मोठ्यांना होतो, आणि तो झाला की मुलाचे खरे, अडखळते, अर्धवट काम झाकून त्या जागी मोठ्यांची गुळगुळीत कथा येते. दुकानातून आणलेल्या वहीचा आणि त्या विद्वत्तापूर्ण ग्रंथाचा रोग एकच आहे.

याच्या उलट टोकाचे उदाहरण रशियाचे. क्रांतीनंतरच्या दशकात तेथील शाळांनी विषयवार पाठ मोडून जीवनातील कामांभोवती शिक्षण गुंफण्याचे मोठे प्रयोग केले. १९२८ साली ड्यूई स्वतः तेथे गेले आणि त्यांनी बरेच कौतुकही केले. पण पहिल्या पंचवार्षिक योजनेच्या धामधुमीत प्रकल्पाचे रूप पालटले. निरक्षरता हटवा, कारखान्याचे उद्दिष्ट पुरे करण्यास हातभार लावा, असे प्रकल्प वरून येऊ लागले. हेतू राज्याचा, श्रम मुलांचे! गणित व भाषा मागे पडल्या आणि १९३१ साली पक्षाच्या मध्यवर्ती समितीने ठराव करून प्रकल्प-पद्धती मोडीत काढली. पुन्हा घट्ट विषयवार पाठ सुरू झाले. अमेरिकेत शिक्षकाने हात काढून घेतले म्हणून जे बिघडले, ते रशियात राज्याने मूठ आवळल्यामुळे बिघडले.

आपल्या देशात ही पद्धत आली ती प्रथम पंजाबातील मोगा येथे. ग्रामशिक्षकांच्या तेथील मिशन-विद्यालयात विल्यम मॅकी यांनी १९२० च्या सुमारास खेड्यातील घर, शेत व बाजार यांभोवती पाठ गुंफले. त्याच वर्षी भावनगरला गिजुभाई बधेका यांनी दक्षिणामूर्ती बालमंदिर सुरू केले. त्यांच्या प्रेरणेचा उगम माँटेसरी-विचारात असला, तरी मुलाच्या निवडीला मान देणे हा धागा सामाईक होता. १९२३ साली ताराबाई मोडक तेथे गेल्या. पुढे १९४५ साली ताराबाईंनी ठाणे जिल्ह्यात बोर्डी येथे काम सुरू केले व १९५७ पासून अनुताई वाघ यांच्यासह कोसबाडच्या टेकडीवर ते वाढवले. वारली मुले गुरे राखावयास जात, म्हणून शाळेत येत नसत. या दोघींनी मुलांना दोष दिला नाही. शाळाच कुरणात नेली. मुलाचे जे काम आहे ते अडथळा न मानता आरंभबिंदू मानणे, हे कुरणशाळेचे मर्म होते. यासाठी कोलंबियाचा निबंध वाचावा लागला नाही. मुलाकडे नीट पाहावे लागले.

वर्ध्याला १९३७ च्या ऑक्टोबरात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षणपरिषद भरली आणि झाकीर हुसेन समितीने मूलोद्योगी शिक्षणाची योजना आखली. योगायोग पाहा, शिकागोप्रमाणे येथेही मध्यभागी कापूसच होता. पण शिकागोत कापूस हे प्रश्नाचे साधन होते. वर्ध्याला तो उद्योग होता आणि त्यातून शाळेचा खर्चही काही अंशी निघावा अशी अपेक्षा होती. समितीने स्वतःच इशारा दिला होता की, आर्थिक बाजूवर भर देऊन शैक्षणिक उद्देशाचा बळी दिला जाण्याचा धोका येथे आहे. अनेक शाळांत तोच धोका खरा ठरला. सूत मोजले गेले. प्रश्न मोजायचे राहिले.

आता त्या मंडळगृहाच्या नोंदीकडे येतो. मुलांचे टोळके मोडले, ही गोष्ट मी लक्षात ठेवावयास सांगितली होती. ड्यूई यांच्या दृष्टीने शाळा हा एक छोटा समाज होता आणि लोकशाही ही केवळ राज्यपद्धती नसून सहजीवनाची रीत होती. हा विचार ज्या विद्यार्थ्यांनी कोलंबियात त्यांच्या वर्गात बसून ऐकला, त्यांत १९१३ ते १९१६ या काळात तेथे असलेले भीमराव रामजी आंबेडकर होते. जातिसंस्थेवरील आपल्या १९३६ सालच्या सुप्रसिद्ध प्रबंधात बाबासाहेबांनी सहजीवनाची ही कल्पना हिंदू समाजाला लावून दाखवली आणि ड्यूई यांचे ऋण मोकळेपणाने मान्य केले. १ जून १९५२ रोजी ड्यूई वारले. त्याच आठवड्यात, ५ जून रोजी, कोलंबिया विद्यापीठाने बाबासाहेबांना सन्माननीय पदवी दिली. गुरुशिष्यांची भेट राहून गेली.

हे मी केवळ अभिमानाने सांगत नाही. प्रकल्प म्हणजे एका हुशार मुलाची वैयक्तिक हौस, असा समज आज वाढत आहे. ज्याच्या घरी पुस्तके, यंत्रे व शिकलेले आईबाप आहेत, त्याची हौस झळकते; ज्याच्या घरी यांपैकी काही नाही, त्याचे मन कशात आहे हे विचारण्याची तसदीही कोणी घेत नाही. मग ही पद्धत जुनी उतरंड मोडण्याऐवजी नव्या कागदात गुंडाळून देते. शिकागोच्या मुलांनी आपली हौस आपल्याला पुरत नाही असे ओळखून इतरांना हाक मारली, म्हणून तिचे शिक्षण झाले. आपल्या वर्गात तर निरनिराळ्या वस्त्यांची, निरनिराळ्या जातींची मुले एका बाकावर येतात. त्यांना एकमेकांची खरोखरीची गरज भासेल असे काम वर्गात निघत नसेल, तर ती शेजारी बसूनही दूरच राहतात.

२००९ सालच्या शिक्षणहक्क कायद्याने कृती व शोध यांतून शिकण्याचे तत्त्व लेखी मान्य केले आहे. १९९३ पासून राष्ट्रीय बालविज्ञान परिषदेच्या निमित्ताने मुले गट करून आपल्याच गावच्या प्रश्नांवर काम करू लागली. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम काढला आणि खेड्यातील मुलांकडून गावाला उपयोगी पडतील अशी खरी कामे करून घेतली. म्हणजे साधने नाहीत, नियम आड येतात, ही सबब फार दिवस टिकण्यासारखी नाही.

सव्वाशे वर्षांच्या या इतिहासातून मला तीन प्रश्न हाती आलेले दिसतात, आणि ते कोणत्याही पालकाला व शिक्षकाला विचारता येतील. पहिला, या कामाचा प्रश्न कोणाचा आहे? तो मुलाचा नसेल, तर वर्धा असो की मॉस्को, काम वेठीचे होते. दुसरा, हा प्रश्न मुलाला आज माहीत नसलेल्या कोणत्या ज्ञानाकडे नेतो, आणि तेथवर नेणारा जाणता माणूस त्याच्या सोबत आहे काय? तो नसेल, तर हौस हवेत विरते. आणि तिसरा, या कामात त्याला दुसऱ्याची गरज लागते काय? ती लागत नसेल, तर काम पुरे होईल, पण समाज घडणार नाही.

यांपैकी कोणत्याही प्रश्नाचे उत्तर दुकानात मिळत नाही, आणि गुणपत्रिकेतही दिसत नाही. ते मिळवावयाचे तर मुलाच्या शेजारी बसून, त्याचे मन कशात गुंतले आहे हे विचारावे लागते, आणि उत्तर येईपर्यंत थांबावे लागते. हे थांबणे मोठ्यांना अवघड जाते. पण शिकागोतही अर्धा तास थांबल्यावरच अडीच तोळ्यांहून कमी रुई निघाली होती. आणि तिने मुलांना जे शिकवले ते गठ्ठ्यांनी विकत आणलेल्या कापसाने शिकवले नसते.